बुरशी : झाडांची वैरीण की सोबतीण?

'बुरशी' हा शब्द उच्चारला की घरातील भगिनींच्या कपाळाला आठी पडते. पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीवर पांढरी साय धरते, उरलेल्या पावाला हिरवे ठिपके येतात, पेटीतल्या कपड्यांना कुबट वास सुटतो. हा सारा बुरशीचाच प्रताप. अंगावर उठणारे गजकर्ण हेही तिचेच काम. शेतकऱ्याला विचारावे तर तो ज्वारीवरची काणी, गव्हावरचा तांबेरा, द्राक्षावरची भुरी आणि हरभऱ्याची मर अशी यादीच वाचून दाखवील. त्यामुळे बुरशी म्हणजे नासाडी असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे.

पण एखाद्या कुळातील दोघेचौघे वाईट निघाले म्हणून सारे कूळच वाईट ठरवणे हे शास्त्राला मान्य नाही. पेनिसिलीन बुरशीपासूनच मिळाले. पाव फुगवणारे यीस्टही त्याच कुळातले. आणि आज आम्ही ज्या बुरशीविषयी लिहीत आहोत ती तर झाडाच्या मुळात राहून झाडाला पोसते. जमिनीवरील वनस्पतींच्या जातींपैकी सुमारे सत्तर टक्के किंवा त्याहूनही अधिक जाती तिच्याशी सोबत करतात. ज्वारी, बाजरी, तूर, कापूस, कांदा, मिरची, संत्रे, केळी, गुलाब, झेंडू, शेवंती यांची मुळे उकरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर बहुधा ती तिथे सापडतेच.

या सोबतीला शास्त्रज्ञ 'मायकोरायझा' म्हणतात. ग्रीक भाषेत मायकेस म्हणजे बुरशी आणि रायझा म्हणजे मूळ. आपण तिला सोयीसाठी मूळबुरशी म्हणू. कृषी सेवा केंद्रात, रोपवाटिकेत हल्ली याच नावाची पाकिटे मिळतात. जुनी मंडळी त्यांना 'व्हॅम' या नावाने ओळखतात. 'फुले दुप्पट, फळे दुप्पट' असे त्यावर छापलेले असते. गॅलरीत चार डबे ठेवणाऱ्या गृहिणीपासून अर्धा एकर झेंडू लावणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत अनेक जण ही पाकिटे घेतात. पैसा कष्टाचा असतो. म्हणून त्या पाकिटात नेमके काय असते, ते केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा मुळीच पडत नाही, हे समजून घेणे आम्हाला आवश्यक वाटते.

मुळांची पोहोच

झाडाला जी मुख्य अन्नद्रव्ये लागतात त्यांत नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे खताच्या गोणीमुळे आपल्याला ठाऊक आहेत. सुफलाच्या गोणीवरचे १५:१५:१५ हे आकडे याच तिघांचे. यांपैकी स्फुरद हा मोठा अडेलतट्टू आहे. नत्र पाण्याबरोबर मातीत इकडून तिकडे फिरते. स्फुरद मात्र जेथे पडेल तेथेच चिकटून बसतो. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत तो चुन्याला धरून बसतो, कोकणच्या तांबड्या जमिनीत लोहाला. परिणाम असा की जमिनीत स्फुरद असूनही झाड उपाशी राहते. मुळाच्या अगदी लगतचा एक-दोन मिलिमीटर पट्ट्यातला स्फुरद झाड खाऊन टाकते आणि मग ताटासमोर बसूनही हात पोहोचत नाही अशी त्याची स्थिती होते.

येथे मूळबुरशी कामाला येते. तिचे तंतू माणसाच्या केसाच्या दहाव्या भागाइतके किंवा त्याहूनही बारीक असतात. ज्या फटीत मुळाचे टोक शिरू शकत नाही तेथे हे तंतू सहज शिरतात आणि मुळापासून कित्येक सेंटिमीटर दूर जाऊन स्फुरद, जस्त, तांबे वेचून आणतात. चांगल्या जिवंत मातीच्या एका ग्रॅममध्ये असे कित्येक मीटर तंतू असू शकतात. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर माती, हे लक्षात घ्या.

आणलेला माल झाडाच्या हवाली करण्याची जागाही पाहण्यासारखी आहे. बुरशीचा तंतू मुळाच्या पेशीत शिरतो आणि तेथे फांद्यांना फांद्या फुटून इवल्याशा झाडासारखा आकार तयार होतो. लॅटिन भाषेत लहान झाडाला जो शब्द आहे त्यावरूनच या भागाला 'आर्बस्क्यूल' म्हणतात. याच ठिकाणी स्फुरद झाडाला मिळतो आणि बदल्यात झाड पानांत तयार केलेली साखर आणि स्निग्ध पदार्थ बुरशीला देते. हे लहानगे झाड काही दिवसच टिकते. मग ते विरते व शेजारच्या पेशीत नवे उभे राहते. ही बुरशी स्वतः सूर्यप्रकाशातून अन्न बनवू शकत नाही आणि मुळाबाहेर तिला स्वतंत्रपणे जगताही येत नाही. म्हणजे गरज दोघांनाही आहे.

आमचा दिवस जमाखर्चाच्या वह्यांत जातो. म्हणून की काय, या देवाणघेवाणीचा हिशेब आम्हाला विशेष भावला. झाड आपल्या साखरेचा पाचव्या हिश्शापर्यंत भाग बुरशीला देते असा अंदाज आहे. एवढा खर्च कोणी फुकट करीत नाही. २०११ साली टोबी कीर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवून दिले की जी बुरशी अधिक स्फुरद आणते तिला झाड अधिक साखर पाठवते आणि जे मूळ अधिक साखर देते त्याला बुरशीही अधिक स्फुरद देते. आळशी भागीदाराचा हिस्सा आपोआप कमी होतो. कित्येक सहकारी संस्थांच्या कारभाऱ्यांनी हा हिशेब मुळांकडून शिकावा, असे आम्ही म्हटले तर कोणी रागावू नये!

ही भागीदारी फार जुनी आहे. स्कॉटलंडमधील रायनी या गावाजवळ सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म सापडले. त्या वनस्पतींना धड मुळेही नव्हती, पण त्यांच्या पेशींत ही इवलीशी झाडे होती. १९९४ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे मुळे येण्याच्या आधीपासून बुरशी सोबतीला आहे.

कोणी शोधली?

जर्मनीतील प्रशिया राज्यात 'ट्रफल' नावाची जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी लागवडीखाली आणता येईल काय, हे तपासण्याचे काम सरकारने आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपवले होते. श्रीमंतांच्या ताटासाठी काढलेले हे काम! ट्रफलची शेती काही त्याला साधली नाही. पण जंगलातील झाडांची मुळे तपासताना त्याला दिसले की निरोगी झाडांच्या मुळांची टोके बुरशीने मढलेली आहेत. १८८५ साली त्याने या जोडीला 'मायकोरायझा' हे नाव दिले आणि ही बुरशी झाडाला पोसते असे मत मांडले. त्या काळच्या अनेक विद्वानांना ते पटले नाही. मुळावर बुरशी म्हणजे रोगच, असे ते म्हणत राहिले. पुढे फ्रँकने पाइनची रोपे जंगलातल्या मातीत आणि तीच माती तापवून निर्जंतुक करून तिच्यात वाढवली. साध्या मातीतील रोपे सरस ठरली.

फ्रँकची बुरशी मुळाच्या बाहेरून वेढा घालणारी होती. पाइन, ओक, आपल्याकडचा साल या झाडांवर ती असते. बस्तरच्या जंगलात पावसाच्या सुरुवातीला आदिवासी भगिनी सालाखालची माती उकरून 'बोडा' नावाची गोल अळंबी काढतात आणि बाजारात तिला मोठा भाव येतो. ती या सालाच्या सोबतिणीचीच फळे होत. झाडाशिवाय ती वाढत नाही, म्हणूनच तिची शेती होत नाही. आपल्या शेतातील पिकांत व कुंडीतील फुलझाडांत असते ती मात्र दुसऱ्या जातीची, पेशीच्या आत शिरणारी. तिला छत्री येत नाही, ती डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा कुंडीत उगवलेली कुत्र्याची छत्री पाहून 'मायकोरायझा आला' असे समजू नये. या आतल्या बुरशीमुळे पिकाची वाढ सुधारते, हे दाखवणाऱ्यांत इंग्लंडच्या बार्बरा मॉस या संशोधिकेचे नाव मोठे आहे. त्यांनी सफरचंदाच्या रोपांवर केलेले काम १९५७ साली प्रसिद्ध झाले.

या बुरशीचे मोल ती नाहीशी झाल्यावरच कळते. अमेरिकेत संत्रा-लिंबू वर्गातील रोपवाटिकांत जमिनीतील रोगजंतू मारण्यासाठी विषारी वायू सोडत. माती स्वच्छ होई, पण रोपे खुरटी, पिवळी राहत. आधी वाटले, वायूचा अंश मातीत उरला असावा. १९७२ साली क्लाइनश्मिट आणि गर्डेमान या शास्त्रज्ञांनी दाखवले की रोगाबरोबर मूळबुरशीही मेली होती आणि तिच्याविना रोपे उपाशी होती. संत्र्याच्या मुळांना केशमुळे कमी, त्यामुळे त्याचे या सोबतीवाचून फारच अडते. नागपूरकडच्या आमच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडची गोष्ट तर आपल्या अधिकच जवळची, कारण तेथील जमीन आपल्यासारखीच काळी, चिकण. ओल साठावी म्हणून तेथील शेतकरी रान वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ मोकळे ठेवीत. ओल साठे, तरी पुढचे पीक खुरटे येई. पिकात स्फुरद आणि जस्ताची कमतरता दिसे. १९८७ साली जॉन थॉम्पसन यांनी कारण सांगितले. जमिनीत जिवंत मूळ नाही म्हणजे बुरशीला घर नाही. दीर्घ पडीक काळात ती ओसरते आणि नव्या पिकाला सोबत मिळत नाही.

फुले खरोखर वाढतात काय?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पाकिटावर लिहिलेले खरे आहे काय?

कळी धरणे, फूल उमलणे, बी भरणे या साऱ्याला स्फुरद लागतो. ज्या झाडाला तो वेळेवर मिळतो ते लवकर सशक्त होते आणि बहुधा अधिक फुले देते. नवी दिल्लीच्या टेरी संस्थेतील शास्त्रज्ञांनी स्फुरद कमी असलेल्या जमिनीत पिटुनिया, अॅस्टर आणि आपला तेरडा यांना मूळबुरशी देऊन पाहिली. २००० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत वाढ आणि फुलोरा दोन्ही सुधारल्याचे दिसते.

त्याहून गमतीचा प्रयोग लंडनच्या एका विद्यापीठातील गँग आणि स्मिथ यांचा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात त्यांनी झेंडूच्या दोन्ही जाती, म्हणजे मोठ्या फुलाचा आफ्रिकन आणि लहान फुलाचा फ्रेंच झेंडू, तसेच कॉर्नफ्लॉवर नावाचे निळे फूल घेतले. मुळाशी बुरशी असलेल्या झाडांकडे मधमाश्या आणि इतर कीटक अधिक वेळा आले. कारण प्रत्येक जातीत सारखे नव्हते. कोठे फुलांची संख्या, कोठे फुलाचा आकार, कोठे मधुरसातील साखर. जमिनीखाली न दिसणारी बुरशी आणि वर हवेत फिरणारी मधमाशी, यांचा संबंध असा जोडला गेला. कारली, दुधी, काकडी लावणाऱ्यांना मधमाशीचे मोल सांगायला नको. मधमाशी आली नाही तर फूल गळते, फळ धरत नाही.

फुलांच्या बाबतीत सर्वांत टोकाचे उदाहरण ऑर्किडचे. मराठीत त्याला आमरी म्हणतात. त्याचे बी धुळीसारखे बारीक, त्यात शिदोरी म्हणून काहीच नाही. निसर्गात योग्य बुरशी येऊन त्या बियाला भरवील तेव्हाच ते रुजते. फ्रान्सच्या नोएल बर्नार याने १८९९ साली हे ओळखले. ती बुरशी वेगळ्या गटातली आहे, पण तिच्याविना फूल तर सोडाच, रोपच जन्माला येत नाही.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. झेंडू, गुलाब, मोगरा यांचे तसे नाही. मातीत स्फुरद भरपूर असेल तर या झाडांना सोबतीची गरजच राहत नाही. झाड तिला बोलावणे बंद करते. मग पाकीट टाकून काही फरक दिसत नाही. काही वेळा झाड आपली साखर बुरशीवर खर्च करीत असल्यामुळे सुरुवातीला मागेही पडते. आमच्या परिचयाच्या एका बचत गटातील भगिनींनी दसऱ्याच्या झेंडूसाठी अशी पाकिटे घेतली होती. वाफ्यात नेहमीप्रमाणे सुपर फॉस्फेट ओंजळीने टाकले, वर पाकीटही टाकले. एका वाफ्यात मुद्दाम पाकीट टाकले नव्हते. दोन्हीकडची फुले सारखीच निघाली. 'फसवले' असे त्या म्हणाल्या. दुकानात ती पाकिटे दाराशी उन्हात टांगलेली होती, हेही त्यांनीच सांगितले. आता पाकिटातील बुरशी मेली होती की मातीत स्फुरद जास्त होता, हे सांगणे कठीण. पण यांपैकी एक जरी कारण असले तरी पैसे वाया जाणारच होते.

टारफुल्याची चोरी

झाड बुरशीला बोलावते असे आम्ही वर म्हटले. ते कसे, याचा शोध एका तणातून लागला. ज्वारी पिकवणाऱ्यांना टारफुला ठाऊक आहे. ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचे रक्त पिणारे हे तण. त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे झोपून राहते आणि जवळून मूळ गेले की जागे होते. त्याला जागे करणारा पदार्थ १९६६ साली अमेरिकेत कापसाच्या मुळांच्या स्रावातून मिळाला. गंमत अशी की टारफुला कापसावर जगू शकत नाही. तो उगवतो आणि मरतो. म्हणूनच ज्वारीच्या रानात कापूस फिरवला की टारफुला कमी होतो.

पण आपल्या शत्रूला जागे करणारा पदार्थ झाड सोडतेच कशाला? हे कोडे जवळजवळ चाळीस वर्षे सुटले नव्हते. २००५ साली जपानमधील अकियामा आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले. तो पदार्थ मूळबुरशीला दिलेली हाक होती. त्याच्या अगदी अल्प अंशाने बुरशीच्या तंतूला भराभर फांद्या फुटतात आणि ती मुळाकडे येते. टारफुला ही हाक चोरून ऐकतो, एवढेच. झाड स्फुरदासाठी भुकेले असेल तेव्हा ते अधिक हाका मारते, पोट भरलेले असेल तर गप्प बसते. निकृष्ट रानात टारफुला जास्त का माजतो, याचे एक कारण येथे मिळते. 'रानाला दृष्ट लागली' म्हणून बांधावर लिंबू-मिरच्या टांगणाऱ्यांनी त्यापेक्षा एक गाडी शेणखत टाकावे.

सर्वच झाडे हाक मारतात असेही नाही. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी हे एक कूळ आणि पालक, बीट, चाकवत, माठ, राजगिरा हे दुसरे. या दोन कुळांतील बहुतेक झाडे मूळबुरशीशी सोबत करीतच नाहीत. पालकाच्या वाफ्यात मायकोरायझाचे पाकीट टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. ही गोष्ट पाकिटावर छापलेली आम्ही तरी पाहिलेली नाही.

मग विकत घ्यावे की घेऊ नये?

स्वित्झर्लंडमध्ये ५४ मक्याच्या शेतांत मूळबुरशी देऊन प्रयोग झाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा : काही शेतांत वाढ ४० टक्क्यांपर्यंत सुधारली, काहींत काहीच झाले नाही आणि काहींत १२ टक्क्यांपर्यंत घटली. ज्या मातीत रोगकारक बुरश्या अधिक होत्या तेथे फायदा अधिक दिसला. म्हणजे मूळबुरशी केवळ अन्न आणत नाही, मुळाच्या दारात पहाराही देते. निरनिराळ्या देशांत बाजारातील पाकिटे तपासली गेली तेव्हा कित्येकांतील बुरशी मुळात शिरतच नाही असे आढळले. आपल्याकडे खत नियंत्रण आदेशात मायकोरायझासाठीही निकष आहेत. तेव्हा घ्यायचेच असेल तर उत्पादनाची तारीख, वापरण्याची मुदत आणि साठवणीची जागा पाहून घ्यावे, आणि पावती मागून घ्यावी.

जेथे माती मेलेली आहे तेथे मात्र तिचा उपयोग निर्विवाद दिसतो. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव मँगनीज खाणीच्या बाहेर टाकलेल्या दगड-मातीच्या ढिगाऱ्यांवर गवतही धड उगवत नव्हते. नागपूरच्या नीरी संस्थेने १९९० च्या दशकात तेथे खड्डे घेऊन साखर कारखान्यातील प्रेसमड, नत्र धरून ठेवणारे जिवाणू आणि मूळबुरशी दिली आणि साग, शिवण, कडुनिंब अशी झाडे उभी केली. श्रेय एकट्या बुरशीचे नव्हे. सेंद्रिय खत नसते तर ती काय करणार होती? पण ज्या ढिगाऱ्यांच्या धुळीत खाण कामगारांच्या पिढ्या वावरल्या तेथे सावली आली, हे लहान काम नव्हे.

गॅलरीतल्या डब्यासाठी आणि घरच्या वाफ्यासाठी पाकिटाची गरज नाही. मूळबुरशी घरीच वाढवता येते. ज्या जागी गवत किंवा तूर, ज्वारी वर्षानुवर्षे निरोगी वाढते, तेथील बारीक मुळांसकट दोन-तीन ओंजळी माती वरच्या थरातून घ्यावी. जे झाड आपल्याला लावायचे आहे त्याच झाडाखालची माती घेऊ नये, त्याचे रोगही बरोबर येतात. ही माती मोठ्या कुंडीतील वाळूमिश्रित मातीत मध्यभागी घालून वर ज्वारी किंवा मका दाट पेरावा. रासायनिक स्फुरद अजिबात देऊ नये. तीन महिने वाढू द्यावे. मग पाणी तोडावे, ताटे सुकली की कापावी, मुळे उपटून बारीक चिरून त्याच मातीत मिसळावी आणि सावलीत वाळवावी. रोप लावताना खड्ड्यात, मुळाला टेकेल अशी, मूठभर माती घालावी. वरून भुरभुरून उपयोग नाही, कारण मुळाशी स्पर्श झाला तरच बुरशी आत शिरते. ही माती थंड, कोरड्या जागी ठेवून पुढच्या हंगामापर्यंत वापरावी.

एकदा दिली की तिला जगू द्यावे. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक मुळाशी ओतले तर रोगाबरोबर सोबतीणही मरते. डब्याच्या बुडाला भोके नसतील तर साचलेल्या पाण्यात ती गुदमरते. झेंडू संपला की डबा रिकामा ठेवू नये, मेथी किंवा लसणाच्या चार पाकळ्या टोचाव्यात, म्हणजे मातीत जिवंत मूळ राहते.

आणि फूल येत नाही याचा दोष आधी बुरशीवर टाकू नये. चाळीच्या गॅलरीत दिवसाकाठी चार तासही ऊन पडत नसेल तर झेंडू-गुलाब फुलणार नाहीत. युरिया जास्त झाला तर पानेच पाने येतात. शेवंतीचे तर वेगळेच. तिला कळी धरायला लांब काळोखी रात्र लागते. रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा जिन्यातल्या ट्यूबचा उजेड रात्रभर तिच्यावर पडत असेल तर ती नुसतीच वाढत राहते. डबा दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला की काम होते, त्याला पैसा लागत नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी एक प्रयोग सांगतो. विज्ञान प्रदर्शनाला तो चांगला शोभेल. १९९८ साली काही शास्त्रज्ञांनी मूळबुरशी पाहण्याची स्वस्त रीत प्रसिद्ध केली. कांद्याची किंवा मक्याची कोवळी मुळे धुऊन पोटॅशच्या द्रावणात उकळून पारदर्शक करायची. हे द्रावण कातडी भाजणारे आहे, म्हणून ते काम शिक्षकांनीच करावे. मग मुळे स्वच्छ धुऊन पेनाची शाई आणि साधा व्हिनेगर यांच्या मिश्रणात दोन-तीन मिनिटे उकळायची आणि पुन्हा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ठेवायची. सर्वच शाया चालत नाहीत, दोन-तीन तऱ्हेच्या करून पाहाव्यात. मुळाचा रंग निघून जातो, बुरशीचा राहतो. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली की फिकट पेशींच्या रांगांतून शाईचे धागे धावताना दिसतात आणि मोठे भिंग लावून नीट शोधले तर एखाद्या पेशीत ते इवलेसे झाडही.